मुलगी एकोणतीस वर्षांची आहे: मोठ्या माणसांचा ईटिंग डिसऑर्डर आणि घरच्यांची थेरपी

गोदाकाठ

नमस्कार. हा धागा मी लेकीला विचारून काढते आहे. मजकूर तिने आधी वाचला, दोन ठिकाणी खोडलाही. उरलं ते तिच्या संमतीने.

ती एकोणतीस वर्षांची, पुण्यात नोकरी, आम्ही दोघं नाशिकला. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ती चार दिवस आधीच आली आणि सगळा फराळ एकटीने केला. शेव, चकल्या, अनारसेसुद्धा. रात्री अकराला मोबाइलवर पाककृतींचे व्हिडिओ बघत बसायची. मला वाटलं, पोरीला संसाराची गोडी लागली. भाऊबीजेला ताटं वाढली तेव्हा तिच्याकडे नीट पाहिलं. पोळीचे नखाएवढे तुकडे करून ताटाच्या कडेला रांगेत मांडत होती. आमची जेवणं होऊन हात वाळले, तरी तिची रांग तशीच.

चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, त्यात सोमवारही धरला होता. मी चारचौघांत कौतुकाने सांगायचे, आजकालच्या मुली कुठे एवढं करतात! हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, "काय छान बारीक झालीस गं." मीही मान डोलवायचे. ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी बी-१२ ची इंजेक्शनं दिली आणि लग्नाचं बघा म्हणाले. त्यात सात महिने गेले. मग ती ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. नाडी फार मंद होती. अकरा दिवस रुग्णालयात ठेवलं. तिथे कळलं, हा अ‍ॅनोरेक्सिया आहे, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार. मी घरून तूप-मेतकूट-भात नेला होता, तो सिस्टरने हातातून काढून घेतला. खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं, हृदयावर बेततं, म्हणून आहार रोज थोडा थोडा वाढवतात आणि रक्त तपासत राहतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या सिस्टरशी भांडले नसते.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. आम्ही काय करायचं? मी तिच्या सायकॉलॉजिस्टना भेटले. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी सज्ञान आहे. तिची परवानगी नसेल तर मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. तुम्हाला मला जे सांगायचंय ते मात्र मी ऐकेन." मी पार्किंगमध्ये येऊन रडले. नऊ महिने पोटात वाढवलेल्या मुलीबद्दल मला काही कळायचंच नाही?

मग इंटरनेटवर वाचलं की लंडनच्या पद्धतीत आईवडील जेवणाचा ताबा घेतात. मी ताबा घेतला. ताट घेऊन तिच्यासमोर बसायचे, संपेपर्यंत उठू द्यायचे नाही. शपथा घातल्या, पाया पडले, ओरडलेही. पाचव्या दिवशी पहाटेच्या एसटीने ती पुण्याला निघून गेली. महिनाभर फोन उचलला नाही.

चौथ्या महिन्यात तिचाच फोन आला. "आई, बुधवारी तू आणि बाबा सेशनला याल?"

वर्षभरात चौदा सेशन्स झाली. त्याबद्दल खाली लिहीन. आधी विचारायचं आहे की तुमच्यापैकी कुणाच्या घरी पंचविशी-तिशी ओलांडलेल्या माणसाला हा आजार होता का? लहान मुलांबद्दल खूप वाचायला मिळतं. मोठ्यांच्या घरच्यांनी कुठे उभं राहायचं, हे मला कुठेच धड सापडलं नाही.

चैत्रपालवी

वाचताना घसा दाटून आला. माझ्याकडे अनुभव नाही, पण "बारीक झालीस" हे वाक्य मी आजपासून सोडलं.

शुभदा_समुपदेशक

गोदाकाठताई, तुम्ही जे केलंत ते जवळजवळ प्रत्येक घर करतं. १८७३ मध्ये पॅरिसच्या लासेग या डॉक्टरांनी या आजारावर लिहिताना नोंदवून ठेवलंय की घरच्यांकडे दोनच उपाय असतात, विनवणी आणि धमकी, आणि दोन्ही संपेपर्यंत ते वापरतात. तुमच्या पाच दिवसांत दोन्ही आहेत.

मी गेली काही वर्षं या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आजाराला आजचं नाव देणारे लंडनचे सर विल्यम गल यांचं मत होतं की अशा रुग्णाच्या देखभालीला नातेवाईक सगळ्यात वाईट. पुढे कित्येक दशकं मुलांना घरापासून लांब ठेवणं हाच उपचार समजला जाई. १९७०च्या दशकात फिलाडेल्फियात साल्व्हादोर मिनुचिन या मानसोपचारतज्ज्ञांनी उलट केलं. अख्ख्या कुटुंबाला बोलावून एकत्र जेवायला बसवलं आणि जेवताना कोण कुणाशी कसं वागतं ते पाहिलं. कुटुंब खोलीत आलं खरं, पण आरोपी म्हणून. घरातल्या नात्यांची रचनाच बिघडलेली, त्यातून हा आजार, असा तो विचार होता. आजही काही जण तो आयांच्या माथी मारतात, म्हणून स्पष्ट लिहिते. ईटिंग डिसऑर्डरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अकादमीने २०१० साली जाहीर भूमिका घेतली की कुटुंब हे या आजाराचं एकमेव किंवा मुख्य कारण आहे असं मानणं चूक आहे. ताई, मान डोलावल्यामुळे आजार झाला नाही.

आता ताबा घेण्याबद्दल. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातला १९८७ चा रसेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. ८० रुग्ण होते, रुग्णालयात वजन सावरून घरी गेलेले. निम्म्यांना फॅमिली थेरपी, निम्म्यांना एकट्याची. फॅमिली थेरपीचा ठळक फायदा झाला तो अठरा किंवा त्याआधी आजार जडलेल्या आणि तीन वर्षांहून कमी काळ आजारी असलेल्यांना. उशिरा आजार जडलेल्यांचा कल उलटा, एकट्याच्या थेरपीकडे होता. आईवडिलांनी जेवण हातात घेण्याची पद्धत वाढली ती या पहिल्या गटावर. तुम्ही जे वाचलंत ते खरंच होतं, ते पंधरा वर्षांच्या मुलीसाठी होतं एवढंच.

पण म्हणून मोठ्यांच्या बाबतीत कुटुंब बाद, असंही नाही. २००१ मध्ये लंडनलाच ८४ प्रौढ रुग्णांवर अभ्यास झाला. नेहमीच्या जुजबी उपचारांपेक्षा फॅमिली थेरपी आणि एक प्रकारची सखोल वैयक्तिक थेरपी, दोन्ही सरस ठरल्या. सुधारणा बेताची होती, बरेच जण वर्षअखेरीही आजारीच होते, हेही सांगायला हवं. ब्रिटनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्यांसाठी आधी वैयक्तिक थेरपी सुचवली आहे, आणि घरच्यांना सोबत घ्यावं असंही म्हटलं आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत ताटाचा ताबा त्याचाच राहतो. घरच्यांना काय करू द्यायचं, किती कळू द्यायचं, हे तो ठरवतो. तुमच्या लेकीने चौथ्या महिन्यात फोन केला ना, तिथे थेरपी सुरू झाली असं मी धरेन.

एक अवांतर, पण मला फार जवळचं. नातेवाईकांना सोबत ठेवणं आपल्याकडे नवं नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या घरच्यांना तिथेच राहायला लावलं होतं. आजही आपल्या वॉर्डात प्रत्येक खाटेशेजारी कुणीतरी बसलेलं असतं. त्या माणसाला काम काय द्यायचं, एवढंच आपण विसरतो.

सह्यकडा

मतभेद नोंदवतो, राग मानू नये. आम्ही पाच भावंडं, ताटात पडेल ते संपवायचं, वडिलांचा धाक होता. असला आजार आमच्या गावात कुणाला ऐकला नाही. आता मुलांना विचारून विचारून वाढवतात, मग तिशीतही आईला परवानगी मागावी लागते. मला हे मनापासून काळजीने वाटतं.

अबोली_३४

सह्यकडा, तुमची काळजी खरी आहे हे जाणवतंय, म्हणून मी सांगते. मला बुलिमिया होता, म्हणजे खायचं आणि मग उलटी करून काढायचं, वयाच्या बावीस ते एकतीस. माझ्या घरीही धाक होता. बाबा समोर बसून खायला लावायचे, मी संपवायचे. ताट चकचकीत. मग बाथरूमचा नळ मोठा सोडायचा. नऊ वर्षांत घरात कुणाला कळलं नाही, कारण माझं वजन नेहमी चारचौघींसारखंच होतं. कळलं ते दातांच्या डॉक्टरांना. पुढच्या दातांचं मागचं इनॅमल झिजलं होतं. त्यांनी नवऱ्याला बाहेर बसवलं आणि मला हळूच विचारलं. असं विचारणारी पहिली व्यक्ती ती.

त्यानंतर रक्त तपासलं, पोटॅशियम खूप कमी निघालं, लगेच ईसीजी काढला. वरून धडधाकट दिसणारी बाई होते मी.

धाकाने ताट रिकामं होतं. पुढचं कुणाला दिसत नाही.

सह्यकडा

अबोली, हे मला माहीत नव्हतं. लिहिल्याबद्दल आभार.

अनिकेत_लीड्स

मी नवरा या नात्याने लिहितो. बायकोला अ‍ॅनोरेक्सिया, लग्नाआधीपासून, मला कळलं दुसऱ्या वर्षी. इथे काळजी घेणाऱ्यांसाठी कार्यशाळा होती, जॅनेट ट्रेझर या मानसोपचारतज्ज्ञांच्या पद्धतीची. त्यात प्राण्यांची चित्रं दाखवतात. गेंडा म्हणजे जो चाल करून जातो, वाद घालून पटवतो. कांगारू पोटाच्या पिशवीत घालून ठेवतो, जगाची झळ लागू देत नाही. शहामृग वाळूत डोकं खुपसतो. जेलीफिश म्हणजे ज्याच्या डोळ्यांतून सतत पाणी. टेरियर कुत्रा दिवसभर भुंकून भंडावतो. व्हायचं असतं डॉल्फिन, जो कधी पुढे पोहून वाट दाखवतो, कधी शेजारून, कधी मागून हलकेच ढकलतो. त्या खोलीत बारा जण होतो. प्रत्येकाने आपापलं चित्र उचललं आणि कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मी कांगारू होतो. तिला अमुकच ब्रँडचं दही लागतं म्हणून तीन दुकानं फिरायचो. मित्रांची जेवणाची आमंत्रणं तिच्याआधी मीच नाकारायचो. स्वयंपाकघरात ती असताना मी पाऊल टाकायचं नाही, हा नियम मी दोन वर्षं पाळला. मला ते प्रेम वाटायचं. खरं तर मी आजाराची सोय बघत होतो. थेरपिस्टने विचारलं, "यातली सगळ्यात छोटी सोय कोणती, जी या आठवड्यात बंद करता येईल? आणि ते तुम्ही तिला आधी सांगाल का?" दही निवडलं. तिला सांगितलं, मंगळवारपासून कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल ते आणणार. मंगळवारी ती खूप रडली, माझ्याशी बोलली नाही. तीन आठवड्यांनी तेच दही खात होती.

जोडप्यांसाठी वेगळी थेरपीही आहे. अमेरिकेत चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात सिंथिया ब्युलिक आणि डोनाल्ड बॉकम यांनी विकसित केली, नाव यूकॅन. आमच्या थेरपिस्टने त्यातलं थोडं वापरलं. आजार दोघांच्या समोर ठेवायचा, दोघांच्या मधे नाही. आणि शरीराबद्दल, जवळिकीबद्दल बोलायचं, जे आम्ही कधी बोललोच नव्हतो. आईवडिलांसोबतच्या सेशनमध्ये ते निघालं नसतं.

गोदाकाठ

अनिकेत, मी गेंडा. हे शहामृग. लेकीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली आणि म्हणाली, बाबा पेपरात डोकं खुपसतात.

आता आमच्या सेशन्सबद्दल.

पहिल्याच दिवशी थेरपिस्टनी लेकीला विचारलं, "जेवताना आईबाबांनी काय केलेलं चालेल, काय नाही?" तिने दहा मिनिटं घेतली. मला राहवेना, मी दोनदा तोंड उघडलं, थेरपिस्टनी हाताने थांबवलं. मग ती सांगत गेली आणि बाबांनी लिहून घेतलं. तो कागद आमच्या मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यावरचं तसंच्या तसं:

"ताटाकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघितलं तर चालेल. 'एवढंच?' आणि 'वा, आज छान जेवलीस' दोन्ही म्हणायचं नाही. मावशीला फोनवर सांगायचं नाही. वाढून आईने द्यावं, मला वाढून घ्यायला भीती वाटते. जेवण झाल्यावर अर्धा तास मला एकटं सोडू नका."

शेवटच्या दोन ओळी वाचताना मी थरथरले. ताबा मी ओढून घेतला तेव्हा ती पळाली, आणि त्यातलाच एक तुकडा तिने आपण होऊन माझ्या हातात ठेवला होता. चौथ्या ओळीसाठी थेरपिस्टनी किती वाढायचं हे डाएटिशियनला विचारून ठरवलं, म्हणजे तिथेही माझं मन मधे येणार नाही.

"वा, छान जेवलीस" का नाही, हे मला कळेना. ती म्हणाली, "तू तसं म्हटलंस की डोक्यातला आवाज म्हणतो, बघ, जास्त खाल्लंस."

अर्धा तास बाबांच्या वाट्याला आला. हे आयुष्यभर जेवण झालं की आडवे होणारे. पेपरातलं शब्दकोडं घेऊन तिच्याशेजारी बसायला लागले. "आडवे सात, नदीचा उगम, चार अक्षरी." सुरुवातीला ती उत्तर द्यायची नाही, पाय हलवत दाराकडे बघत बसायची. हे एकटेच मोठ्याने अक्षरं मोजायचे. पंधराएक दिवसांनी तिने पेन ओढून घेतलं आणि यांनी चुकीचं भरलेलं खोडलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

नंतरच्या सेशन्समध्ये थेरपिस्ट माझ्याकडे वळल्या. मी कधीपासून वजन बघते, माझे उपास, लग्नानंतर सासरी मला काय ऐकवलं जायचं. मी म्हटलं, आजारी ती आहे, माझं कशाला? थेरपिस्ट म्हणाल्या, "कारण तुमच्याबद्दल बोललेलं तिला ऐकायचंय." तेव्हा मी पहिल्यांदा सांगितलं की बाळंतपणानंतर सासूबाई माझं ताट बघून उसासा टाकायच्या. लेकीने माझा हात धरला. बाथरूममधला वजनकाटा त्या रविवारी भंगारवाल्याला दिला. उपास मी अजून करते, पण गुरुवारी तिच्याबरोबर दुपारचं जेवते. डाएटिशियन आणि तिने मिळून ठरवलं की ती दोन वर्षं कुठलाही उपास धरणार नाही. आमच्या भटजींना विचारलं, ते म्हणाले, आजाऱ्याला उपास नसतो.

सगळं सुरळीत झालेलं नाही. गेल्या लग्नसराईत चुलतबहिणीच्या साखरपुड्याला ब्लाउजचं माप देऊन आली आणि आठ दिवस पुन्हा रांगा मांडल्या. थेरपिस्टनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होईल, आणि झालं तर कुणाला फोन करायचा तेही कागदावर होतं. तिनेच केला.

मिठाचीखडी

ताई, एक विचारू? रात्री पाककृती बघणं, सगळ्यांसाठी करणं आणि स्वतः न खाणं, हे माझी नणंद करते. आम्हाला हौस वाटते.

शुभदा_समुपदेशक

एवढ्यावरून निदान होत नाही, पण लक्ष द्या. अमेरिकेत मिनेसोटात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने चोवीस आठवडे अर्धपोटी राहण्याच्या प्रयोगात भाग घेतला होता. अ‍ॅन्सेल कीज यांचा प्रयोग. त्यातल्या अनेकांना आधी स्वयंपाकात फारसा रस नव्हता. अर्धपोटी राहिल्यावर ते पाकपुस्तकं जमवू लागले, एकेक जेवण तासन्‌तास रेंगाळत खाऊ लागले, चिडचिडे झाले, माणसांतून उठले. म्हणजे यातल्या पुष्कळ गोष्टी उपासमारीच करवते. आई ज्याला हट्ट म्हणते, त्यातला बराच भाग पोट भरायला लागल्यावर हळूहळू ओसरतो. नणंदेला "तू जेवत नाहीस" म्हणू नका. "हल्ली थकलेली वाटतेस, तुला कसं वाटतंय?" इथून सुरुवात करा.

चक्कर, छातीत धडधड, शुद्ध हरपणं, जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल काही बोलणं, यातलं काही असेल तर थेरपीची वाट न बघता रुग्णालय. कुठे जायचं हेच सुचत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

वेंगुर्लेकर

इथे सगळे मुलींबद्दल लिहितायत. माझा भाऊ चौतीस वर्षांचा, गोव्यात एकटा राहतो. दिवसातून दोनदा जिम, फक्त उकडलेलं, डब्यात मोजून. गणपतीला घरी आला तर मोदक हातात धरून बसला, मग म्हणाला पोट बिघडलंय. रात्री दोनला मी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात अंधारात उभ्याने नैवेद्याचं ताट संपवत होता. मला बघून त्याचा चेहरा असा झाला की मी काही न बोलता परत फिरलो. आईला सांगितलेलं नाही. सांगू का?

अबोली_३४

तो चेहरा मला माहीत आहे. आईला सांगण्याआधी त्याच्याशी बोला. मला पकडलं जाण्याची जेवढी भीती होती तेवढी मरणाचीही नव्हती.

अनिकेत_लीड्स

पुरुषांना होतो. आमच्या कार्यशाळेत दोघं आपापल्या मुलांसाठी आले होते. शरीर कमावतोय म्हणून कौतुक होतं, त्यामुळे फार उशिरा लक्षात येतं. त्याला सोबत कोण हवं ते त्यालाच विचारा. आईच असेल असं नाही. मोठ्यांच्या फॅमिली थेरपीत भाऊ, मित्र, खोलीतला जोडीदार, कुणीही चालतं.

गोदाकाठ

वेंगुर्लेकर, परत फिरलात ते बरं केलंत. पण काही पाहिलंच नाही असं कायमचं वागू नका, ते यांनी दोन वर्षं केलं. लेक म्हणते, दिवसा, जेवणाची वेळ नसताना, चालता चालता विषय काढा. समोरासमोर बसून नको. आणि उत्तराची घाई नको.

पैशांचं विचारलं नाहीत, तरी सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. रुग्णालयाचे अकरा दिवस त्यात बसले, बाहेरची सेशन्स नाहीत. पॉलिसी नीट वाचून घ्या. त्याच कायद्यात सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. आमच्या लेकीने बाबांना नेमलं. मला नाही. त्या दिवशी वाईट वाटलं होतं.

वेंगुर्लेकर

आभार सगळ्यांचे. रविवारी पणजीला जातोय. पहाटे मिरामारला चालायला जाऊया म्हणून त्याला मेसेज टाकला, "जेवायला भेटू" असं आधी लिहिलं होतं ते खोडलं. हो म्हणालाय.